जे. सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा (४ जानेवारी १८९२, तंजावर – ३० जानेवारी १९६०) हे भारतीय अर्थतज्ज्ञ, ग्रामोद्योग चळवळीचे संघटक आणि गांधीवादी अर्थविचाराचे प्रमुख भाष्यकार होते.

जीवन

कुमारप्पा यांचा जन्म तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडन येथे त्यांनी हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतले. पुढे अमेरिकेतील सिरॅक्यूज व कोलंबिया विद्यापीठांत अध्ययन करताना ब्रिटिश सरकारची करनीती आणि भारताचे दारिद्र्य यांचा संबंध त्यांनी अभ्यासला. १९२९ मध्ये महात्मा गांधींशी भेट झाल्यावर त्यांनी मुंबईतील व्यवसाय सोडला आणि गुजरातमधील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली.

विदर्भातील कार्य

१९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र होते आणि संघटनेची धुरा कुमारप्पांकडे होती. बैलघाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, गूळ व मधमाशीपालन यांवर तेथे प्रयोग व प्रशिक्षण चाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा दिवाही तेथे तयार झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. वऱ्हाडातील तत्कालीन अकोला जिल्ह्यात आजच्या वाशीम जिल्ह्याचा प्रदेश समाविष्ट होता.

विचार

तेलबिया गावातच गाळल्या तर तेलाबरोबर पेंडही गावात राहते. ती जनावरांच्या मुखी जाते व खतरूपाने शेतात परतते. बिया बाहेरच्या गिरणीत गेल्या की रोजगार व पेंड दोन्ही गाव गमावते. अशा हिशेबावर त्यांची विकेंद्रित उत्पादनाची मांडणी उभी होती. कोळसा, खनिज तेल यांसारखे साठे संपणारे असल्याने निसर्गात पुन्हा निर्माण होणाऱ्या साधनांवर अर्थव्यवस्था उभारावी, असे त्यांनी प्रतिपादिले. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेला ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ (१९४५) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय.

मतभेद व अखेर

जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीत त्यांचा समावेश होता. परंतु मोठ्या यंत्रोद्योगांवरील तिचा भर अमान्य असल्याने ते तीतून बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. तथापि, पंचवार्षिक योजनांनी अवजड उद्योगांचा मार्ग धरला आणि त्यांचा विचार बाजूला पडला. अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथे घालविली. गांधींच्या पुण्यतिथीदिनीच त्यांचे निधन झाले. पर्यावरणाच्या प्रश्नाने पुढे तीव्र रूप धारण केल्यावर अभ्यासक त्यांच्या लेखनाकडे पुन्हा वळले.