मेजर टॉमस कँडी आणि मराठी गद्यवाक्याची घडण

अर्वाचीन मराठी गद्याच्या इतिहासात मेजर टॉमस कँडी यांचा उल्लेख बहुधा दोन कारणांनी येतो : मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी म्हणून आणि मराठीत विरामचिन्हे रूढ करणारे म्हणून. हे दोन्ही उल्लेख यथार्थ आहेत. परंतु तेवढ्याने त्यांच्या कार्याचे मर्म हाती लागत नाही. मराठी वाक्याची घडणच ज्या काळात पालटत होती, त्या काळात त्या पालटाला शिस्त लावण्याचे काम कँडी यांच्याकडे आले. त्यांच्या चरित्राचे महत्त्व यात आहे.

कँडी यांचा जन्म १३ डिसेंबर १८०४ रोजी इंग्लंडमधील ईस्ट नॉयल येथे झाला. ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८२२ साली ते जुळे बंधू जॉर्ज यांच्यासह हिंदुस्थानात आले आणि कंपनीच्या लष्करात दुभाषाचे काम करू लागले. पुढे दोघेही बंधू मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात सामील झाले. हा कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला; सुमारे साठ हजार शब्दांची त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. दरम्यान मोल्सवर्थ मायदेशी परतल्यामुळे अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी १८४७ साली पूर्ण केला. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द देताना अर्थच्छटा अचूक निवडावी लागते. ही सवय त्यांच्या पुढील सर्व कामात दिसते.

१८३७ साली पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली. त्यानंतर क्रमिक पुस्तके व सरकारी भाषांतरे तपासण्याची जबाबदारीही त्यांच्यावर पडली. या कामात परशुरामपंत गोडबोले यांच्यासारखे शास्त्री त्यांचे साहाय्यक होते. कँडी यांची मराठी म्हणून जी ओळखली जाते, ती अशा रीतीने पुण्याच्या पंडितांच्या संगतीत घडली, हे विसरता येत नाही.

१८५० साली त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे महत्त्व समजण्यासाठी पूर्वीच्या गद्याकडे पाहिले पाहिजे. मोडी लेखनात आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत. शब्दही सुटे होत नसत. तरीही बखर वा पत्र वाचताना जाणकाराचे अडत नसे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि 'करून', 'जाऊन' यांसारख्या रूपांनी क्रियांची साखळी पुढे सरकते. त्यामुळे वाक्य कोठे संपले, हे भाषाच सांगत असे. शिवाय असे लेखन पुष्कळदा कोणी वाची आणि इतर ऐकत. विरामाचे काम वाचणाऱ्याचा आवाज करी.

छापील पाठ्यपुस्तक आणि कायदा यांची गोष्ट वेगळी होती. इंडियन पीनल कोडचे मराठी भाषांतर कँडी यांनी केले. कायद्याच्या कलमात मुख्य विधान, त्याच्या अटी आणि त्याला अपवाद हे सारे एकाच वाक्यात सांगावे लागते. तेथे कोणती अट कोणत्या शब्दाला लागू आहे, याविषयी संदिग्धता राहिली तर आरोपीचे भवितव्य बदलू शकते. अशा वाक्याला स्वल्पविराम आणि अर्धविराम यांचा आधार लागतोच. म्हणजे विरामचिन्हे जुन्या वाक्याला जोडलेला अलंकार नव्हती. नव्या, गुंतागुंतीच्या वाक्याबरोबर आलेली ती गरज होती.

या शिस्तीची किंमतही मराठीला द्यावी लागली. इंग्रजी वाक्याच्या बेतावर मराठी शब्द बसवण्याची रीत शाळाखात्याच्या पुस्तकांतून पसरली, असा आक्षेप पुढे घेण्यात आला. १८७४ साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मराठीच्या तत्कालीन स्थितीची परखड चिकित्सा केली. पण त्यांची प्रदीर्घ, डौलदार वाक्ये तोलली जातात ती याच विरामचिन्हांवर. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. पुण्याच्या शिष्ट बोलीला प्रमाणत्व मिळाले आणि इतर बोली छापील गद्याच्या बाहेर राहिल्या. स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल १८५२ साली पुण्यात जोतीराव फुले यांचा सत्कार झाला, तो कँडी यांच्या हस्ते. त्याच फुल्यांचे 'गुलामगिरी' (१८७३) आणि त्यानंतरचे लेखन मात्र या शिष्ट वळणाला न जुमानता बोलीच्या जोमावर उभे राहिले. स्पष्टता केवळ प्रमाणभाषेतच असते, या समजाला ते लेखन हे सबळ उत्तर आहे.

२६ फेब्रुवारी १८७७ रोजी महाबळेश्वर येथे कँडी यांचे निधन झाले. त्यांनी स्वतंत्र ललित साहित्य निर्माण केले नाही. दुसऱ्याचे लेखन निर्दोष व सुबोध करणे हेच त्यांचे जीवितकार्य ठरले आणि म्हणूनच ते वाङ्मयेतिहासात काहीसे अदृश्य राहिले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारातील मराठीची जी चर्चा झाली, तिच्या मुळाशी कँडी यांच्यापुढचाच प्रश्न होता : अर्थ काटेकोर राखूनही वाक्य मराठी कसे राहील? कँडी यांनी या प्रश्नाचा पूर्वार्ध सोडविला. उत्तरार्ध मराठी लेखकांकडे राहिला आहे.