कुलूपवाल्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम

ओहमचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल. तारेच्या दोन टोकांतील विभवांतर वाढले की त्याच प्रमाणात विजेचा प्रवाह वाढतो, एवढे वाक्य पाठ केले की परीक्षेत गुण मिळतात. पण विजेचा हा नियम मांडणाऱ्याने त्याचा साचा उष्णतेच्या शास्त्रातून उचलला होता, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. तीच हकीकत आज आपणासमोर मांडतो.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलपे तयार करणारे कारागीर. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते. पण हातातले काम सांभाळून त्यांनी गणित आणि विज्ञान स्वतःच आत्मसात केले, आणि तेच आपल्या दोन्ही मुलांना घरी शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना आई वारली. भावंडांपैकी बरीच लहानपणीच गेली होती. अशा घरात हा कारागीर रोज मुलांना घेऊन भूमितीला बसे. धाकटा मार्टिनही पुढे गणिताचा प्राध्यापक झाला.

थोरला मात्र विद्यापीठात गेला आणि नाचात, बिलियर्डमध्ये आणि बर्फावरच्या घसरगुंडीत रमला. वडिलांनी तीन सत्रांनंतर त्यांना तेथून काढले आणि १८०६ साली ते स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत शिक्षक म्हणून गेले. बापाचा हा निर्णय कठोर वाटेल, परंतु मुलाने त्याचे चीज केले. नोकरी करता करता अभ्यास केला आणि १८११ साली एर्लांगेनलाच डॉक्टरेट मिळवली. पदवी मिळाली तरी पोट भरेना. अनेक वर्षे हलक्या पगारावर शाळामास्तरकी केल्यावर १८१७ साली कोलोन येथील शाळेत त्यांना गणित व पदार्थविज्ञान शिकवण्याची जागा मिळाली. तेथे प्रयोगशाळा चांगली होती, आणि उपकरणे घडवायला वडिलांच्या दुकानात तयार झालेला हात होता.

१८२२ साली फ्रान्समध्ये जोसेफ फूरिये यांचा उष्णतेवरील ग्रंथ निघाला. त्यातला मूळ विचार साधा आहे. शेजारच्या दोन कणांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढ्या प्रमाणात उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे वाहते. ओहम यांनी विचार केला, तारेतून वीजही अशीच वाहत असेल काय?

१८२५ साली केलेले पहिले प्रयोग फसले. त्या वेळच्या विद्युतघटांची शक्ती घटकेत चढे, घटकेत उतरे. त्यावरून त्यांनी घाईने एक सूत्र छापलेही, आणि ते चुकीचे निघाले. मग एका संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूला ठेवले आणि बिस्मथ व तांबे यांची जोडणी घेतली. अशा जोडणीचा एक सांधा गरम व दुसरा थंड ठेवला की वीज वाहू लागते, हे नुकतेच सापडले होते. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने ठरलेली, म्हणून वीजही स्थिर. सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या, सर्वांत लहान २ इंचांची, सर्वांत लांब १३० इंचांची, आणि टांगलेल्या चुंबकसूचीवर प्रवाह मोजला. तार लांबली की प्रवाह ठराविक हिशोबाने घटतो, हे १८२६ साली सिद्ध झाले.

त्यानंतर ते अर्ध्या पगाराची रजा घेऊन बर्लिनला आले आणि १८२७ साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावर विद्यापीठात जागा मिळेल अशी आशा होती. पण ग्रंथाचे स्वागत थंड झाले. निसर्ग असा गणिताने मोजायचा नसतो असे मानणारे विद्वान तेव्हा वजनदार होते. ओहम यांनी कोलोनच्या जागेचा राजीनामा दिला. पुढची सुमारे सहा वर्षे बर्लिनमध्ये थोड्याशा शिकवणीवर गेली. ही वर्षे वाचताना वाईट वाटते. १८३३ साली न्युरेंबर्गला नोकरी मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले, तेव्हा कोठे स्वदेशाला जाग आली. म्युनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली, आणि ६ जुलै १८५४ रोजी ते निवर्तले.

आता या गोष्टीचा दुसरा भाग ऐका. उष्णतेकडून घेतलेला विचार पुढे उष्णतेच्याच कामी आला. १९३६ साली ब्यूकेन या अभियंत्याने जर्मनीतील फ्रायबर्ग येथे विजेच्या भट्ट्यांवरील आपल्या प्रबंधात उष्णतेचा हिशोब विजेच्या मंडलाने मांडला. तापमानाच्या जागी विभव, वाहत्या उष्णतेच्या जागी प्रवाह, भिंतीच्या अडथळ्याच्या जागी रोध, आणि भिंत जी उष्णता साठवते तिच्या जागी कपॅसिटर. जाड भिंतीची भट्टी तापायला तासन् तास लागतात; योग्य रोध आणि कपॅसिटर निवडले तर तेच चित्र मंडलावर थोड्या वेळात दिसते. भट्टी न बांधताच ती किती तापेल ते कळते.

विद्यार्थ्यांनी एक हिशोब करून पाहावा. प्रयोगासाठी जोडलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये १० वॅट उष्णता निर्माण होते. आतून कवचापर्यंतचा रोध दर वॅटला १.५ अंश, कवच व पत्रा यांच्यामधला ०.५, पत्र्यापासून हवेपर्यंत ४. एकामागून एक जोडलेल्या रोधांसारखी बेरीज करा, ६ आली. १० ने गुणले की ६० अंश. खोलीत ३० अंश सेल्सिअस असेल तर आतले तापमान ९०. हा आकडा फार वाटला तर मोठा पत्रा लावावा. आता अशी मंडले संगणकावर मांडतात, तरी हिशोब हाच.

मात्र ही उपमा सगळीकडे चालत नाही. विजेला रबराने जवळजवळ पूर्ण अडवता येते. उष्णतेला असे अडवणारे काही नाही. तांबे आणि स्थिर हवा यांच्या वाहकतेत फरक सुमारे १५,००० पटींचाच आहे, म्हणून ती कोठून ना कोठून झिरपतेच. शिवाय लालभडक तापलेली वस्तू किरणांनी जी उष्णता फेकते, ती तापमानाच्या साध्या प्रमाणात नसते, तेथे साधा रोध चुकीचे उत्तर देतो.

१८८१ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने विजेच्या रोधाच्या एककाला ओहम हे नाव दिले. उष्णतेचा रोध मोजतानाही काही अभियंते दर वॅटला एक अंश या मापाला औष्णिक ओहम म्हणत आले आहेत.