खाणीतला प्राणवायू

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत सकाळी स्फोट झाला आणि ५७ कामगार दगावले. स्फोटात माणसे गेली म्हणजे ती दणक्याने किंवा भाजून गेली असणार, असाच तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रिटनच्या गृहखात्यासाठी खाणीतील मृत्यूंची कारणे शोधणारे डॉ. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी तिथले मृतदेह तपासले. बहुतेकांच्या अंगावर जीव जाण्याइतकी जखमच नव्हती. काही जण तर स्फोटानंतर चालत बरेच पुढे आलेले दिसत होते. त्यांची कातडी आणि रक्त मात्र चेरीसारखे लालगुलाबी झाले होते. त्यांना मारले होते ते स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने.

हाल्डेन यांचा जन्म १८६० सालचा, एडिंबरोचा. घराणे मोठे, भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री झाले. स्वतः १८८४ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊनही हाल्डेन यांनी दवाखाना थाटला नाही. डंडी शहरातल्या गरीब वस्त्यांत रात्री जाऊन, माणसे दाटीवाटीने झोपलेली असताना, तिथली हवा बाटल्यांत भरून आणायची आणि तपासायची, हे त्यांचे सुरुवातीचे काम. नंतर ते ऑक्सफर्डला गेले, पण हवेची गोडी सुटली नाही. गटारे, खाणी, बोगदे, पाणबुड्यांची कामे, जिथे माणसाला श्वास घेणे अवघड, तिथे हे गृहस्थ हजर!

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. हिमोग्लोबिनशी त्याची ही सोयरीक फ्रान्सच्या क्लॉद बर्नार यांनी आधीच दाखवली होती. पण किती वायूने, किती वेळात माणसाचे काय होते, हे कोणी सांगू शकत नव्हते. हाल्डेन यांनी १८९५ मध्ये प्रयोगशाळेत बसून तो स्वतःच हुंगला. ठराविक वेळाने बोटातून रक्त काढायचे, त्याचा रंग कार्माइनच्या द्रावणाशी ताडून वायूचे प्रमाण मोजायचे आणि वहीत नोंदवायचे. निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूने व्यापेपर्यंत ते थांबले नाहीत. तोवर धड चालता येत नव्हते, नजर आणि विचार दोन्ही गोंधळले होते. आजची कोणतीही नैतिकता समिती असला प्रयोग होऊ देणार नाही, आणि तेच बरोबर आहे. पण विष चढते तसे पाय आणि बुद्धी एकदमच दगा देतात, म्हणून माणसाला धोका कळूनही दारापर्यंत जाता येत नाही, ही गोष्ट त्यातून पक्की झाली.

त्याच वर्षीचा उंदराचा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. हाल्डेन यांनी उंदराला दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ठेवले आणि त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड मिसळला. हिमोग्लोबिन जवळजवळ निकामी होऊनही उंदीर जगला, कारण दाबामुळे रक्तद्रवातच पुरेसा ऑक्सिजन विरघळला होता. आजच्या हायपरबेरिक चेंबरची कल्पना इथेच आहे. विषबाधेच्या रुग्णांवर तिचा वापर व्हायला मात्र १९६० साल उजाडले. ते ग्लासगोत झाले.

खाणकामगारांना त्यांनी सोपा उपाय दिला. उंदीर, कॅनरी यांसारखे छोटे जीव भराभर श्वास घेतात, त्यामुळे माणसाच्या आधी त्यांना विष चढते. पक्षी दांडीवरून खाली पडला की बाहेर पळायचे. पुढे पिंजऱ्यालाच ऑक्सिजनची छोटी नळकांडी जोडलेली मिळू लागली, म्हणजे पक्षीही शुद्धीवर येई. मिथेन हलका असतो. तो छताशी साचतो. हे समजावण्यासाठी त्यांनी आपल्या लहान मुलाला खाणीत उभे करून शेक्सपिअरचे भाषण म्हणायला लावले. पोरगा कोसळला आणि जमिनीवर पडताच सावरला. हाच मुलगा म्हणजे पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. कार्बन मोनॉक्साइडचे वजन मात्र हवेइतकेच असते. त्यामुळे शेगडी पेटलेल्या बंद खोलीत खाटेवर झोपा नाहीतर सतरंजीवर, फरक पडत नाही.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसे जळलेल्या सैनिकांना ऑक्सिजन दिला जाई तो तोंडाजवळ नरसाळे धरून. बहुतेक वायाच जाई. हाल्डेन यांनी घट्ट बसणारा मास्क आणि मोजून, सलग ऑक्सिजन देणारे उपकरण वापरात आणले. तपशील किरकोळ वाटतो, पण सरकारी रुग्णालयातल्या माझ्यासारख्या डॉक्टरचे निम्मे काम आजही तेच आहे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. पिशवी जोडलेल्या घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास, आणि चेंबरमध्ये साधारण वीस-तीस मिनिटे. चेंबर मोजक्याच ठिकाणी आहेत, त्याचा नक्की फायदा कोणाला यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मास्क सगळीकडे आहे.

फसवतो तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. त्याला ऑक्सिजनवाले आणि कार्बन मोनॉक्साइडवाले हिमोग्लोबिन सारखेच दिसते. तो ९८ दाखवतो आणि रुग्ण गुदमरत असतो. म्हणून गॅस गिझरच्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या माणसाला फिट आली असे म्हणून आकडा पाहून ऑक्सिजन काढू नये. घरच्यांनी आधी दार-खिडक्या उघडाव्यात, त्याला बाहेर आणावे आणि डॉक्टरांना गिझर, शेगडी किंवा जनरेटर यांबद्दल आवर्जून सांगावे. एकाच घरातल्या सगळ्यांचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर तेही सांगावे. ते नेहमी बाहेरच्या खाण्यानेच होते असे नाही. गर्भवतीला ऑक्सिजन जास्त वेळ द्यावा लागतो, कारण बाळाच्या रक्तातून हा वायू उशिरा निघतो.

शुद्धीवर आलेला माणूस घरी गेल्यावरही काम संपत नाही. काहींना दोन दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत कधीही विसरभोळेपणा, चिडचिड, चालण्यात अडखळणे असे त्रास सुरू होतात. घरच्यांना वाटते, माणूस घाबरलाय, होईल बरा. पुष्कळ जण हळूहळू बरे होतातही, पण महिना-दीड महिन्यांनी पुन्हा तपासणी झालीच पाहिजे. हृदयाचा आलेखही पहिल्याच दिवशी काढावा.

हाल्डेन अखेरपर्यंत फिरतेच होते. पंचाहत्तरीत तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या कामगारांच्या उष्माघाताचा अभ्यास करायला ते इराण आणि इराकला गेले, आणि परतल्यावर मार्च १९३६ मध्ये न्यूमोनियाने गेले. ब्रिटिश खाणींतल्या कॅनरी १९८६ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली वायूसूचक यंत्रे आता घरासाठीही मिळतात. गिझर बाथरूमच्या आत असेल, तर आधी तो बाहेर काढा, यंत्र त्यानंतर.