विश्लेषण : जगभरची बियाणी जमवणाऱ्या शास्त्रज्ञाचाच भूकबळी, कोण होते निकोलाय वाविलोव्ह?

२६ जानेवारी १९४३. रशियातील सारातोव्ह शहरातल्या तुरुंगात ५५ वर्षांच्या एका कैद्याचा मृत्यू झाला. कारण उपासमार. कागदोपत्री त्याचा गुन्हा होता ब्रिटनसाठी हेरगिरी आणि सोव्हिएत शेतीत घातपात. प्रत्यक्षात पाच खंडांत फिरून त्याने पिकांच्या बियाण्यांचा त्या काळातील जगातील सर्वात मोठा संग्रह उभा केला होता. दुष्काळ कायमचा हटवायचा असेल तर देशोदेशीचे बियाणे आणि ज्ञान एकमेकांना द्यावे लागेल, ही त्याच्या कामामागची धारणा. देशोदेशीचे हेच संबंध पुढे त्याच्यावर उलटले. निकोलाय वाविलोव्ह यांची ही कहाणी आणि आजच्या अन्नसुरक्षेशी तिचे नाते, याविषयी…

दुष्काळाच्या सावलीत बालपण

वाविलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील शेतकरी कुटुंबातले. गाव सोडून ते मॉस्कोत आले आणि कापडाच्या व्यापारात त्यांनी जम बसवला. त्यामुळे घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. मात्र पीक बुडाले की गावाचे काय होते, हे या घराला ठाऊक होते. वाविलोव्ह जेमतेम चार वर्षांचे असताना, १८९१-९२ मध्ये, रशियात मोठा दुष्काळ पडला. त्यांचे धाकटे बंधू सेर्गेई पुढे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ झाले. निकोलाय यांनी शेतीची वाट धरली. १९०६ मध्ये त्यांनी मॉस्कोच्या कृषी संस्थेत प्रवेश घेतला.

परदेशात काय शिकले?

१९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले. आनुवंशिकी ही विज्ञानशाखा तेव्हा नवी होती आणि विल्यम बेटसन हे तिचे मोठे नाव. त्यांच्याकडे आणि केंब्रिजमध्ये वाविलोव्ह यांनी गव्हाच्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. गव्हाच्या काही वाणांवर तांबेरा पडतो, काहींवर पडत नाही. हा फरक पिढ्यानपिढ्या पुढे जातो. म्हणजे चिवट वाण सापडले तर त्याचा गुण संकरातून दुसऱ्या वाणात आणता येतो. मग अशी वाणे शोधायची कुठे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्यात वाविलोव्ह यांचे पुढचे आयुष्य गेले.

पहिल्या महायुद्धामुळे ते मायदेशी परतले. १९१६ मध्ये इराणमध्ये तैनात असलेले रशियन सैनिक रोजचा पाव खाऊन आजारी पडू लागले, तेव्हा तपासासाठी त्यांना पाठवण्यात आले. गव्हात विषारी तणाचे बी मिसळले जात असल्याचे त्यांनी शोधून काढले. काम संपल्यावर ते थेट परतले नाहीत. स्थानिक गव्हाचे नमुने गोळा करत ते पामीरच्या डोंगरांपर्यंत पोहोचले.

तणाचे धान्य कसे झाले?

या डोंगराळ भागात त्यांना एक गोष्ट दिसली. सखल भागातील गव्हाच्या शेतात राय हे तण म्हणून उगवते. जसजसे वर जावे तसतशी थंडी वाढते, गहू मागे पडतो आणि राय जोर धरते. शेवटी एका उंचीवर शेतकरी रायच पेरतात. म्हणजे राय माणसाने मुद्दाम निवडलेले पीक नव्हते. गव्हाच्या सोबतीने आलेल्या तणाला थंडीने पीक बनवले होते. पिकांचा इतिहास ग्रंथालयात बसून नव्हे, तर शेतात जाऊन वाचावा लागतो, हा धडा त्यांनी इथे घेतला.

१९१७ मध्ये ते सारातोव्हमध्ये प्राध्यापक झाले. तिथेच १९२० मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. जवळच्या नात्यातील पिकांमध्ये गुणांचे फरक समांतर आढळतात. गव्हात बिनकुसळाचा प्रकार असेल तर तसा प्रकार रायमध्येही सापडण्याची शक्यता मोठी. मेंडेलीव्हच्या तक्त्यातील रिकाम्या चौकटींमुळे रसायनशास्त्रज्ञांना न सापडलेली मूलद्रव्ये कुठे शोधायची ते कळले. वाविलोव्ह यांच्या सिद्धांताने पिकांच्या बाबतीत साधारण तेच काम केले.

शत्रूराष्ट्राकडून बियाणे?

१९२१ मध्ये वाविलोव्ह यांच्याकडे पेट्रोग्राडमधील, म्हणजे नंतरच्या लेनिनग्राडमधील, वनस्पती संस्थेची सूत्रे आली. त्याच वर्षी व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. लाखो लोक मेले. पेरणीसाठी राखलेले धान्यही लोकांनी खाल्ले. पुढच्या हंगामात पेरायचे काय, हा प्रश्न होता. वाविलोव्ह अमेरिका आणि कॅनडाच्या दौऱ्यावर गेले.

अमेरिकेने तेव्हा सोव्हिएत सरकारला मान्यताही दिलेली नव्हती. ती १९३३ मध्ये मिळाली. तरीही शास्त्रज्ञांच्या पातळीवर दारे उघडी होती. वाविलोव्ह यांनी न्यूयॉर्कमध्ये छोटे कार्यालय सुरू केले आणि तिथून बियाणे रशियाकडे येऊ लागले. या व्यवहाराला जुनी पार्श्वभूमीही होती. अमेरिकेतील कॅन्सस हे गव्हाचे कोठार ज्या ‘टर्की रेड’ गव्हामुळे उभे राहिले, तो १८७०च्या दशकात रशियन साम्राज्यातून स्थलांतर केलेल्या शेतकऱ्यांनी सोबत नेला होता.

पिकांची जन्मस्थाने कोणती?

पुढची दहा-बारा वर्षे वाविलोव्ह सतत फिरत होते. १९२४ मध्ये अफगाणिस्तान. १९२६-२७ मध्ये सीरिया, पॅलेस्टाइन, उत्तर आफ्रिका, इटली, स्पेन आणि इथिओपिया. १९२९ मध्ये मध्य आशिया, पश्चिम चीन, जपान आणि कोरिया. १९३० मध्ये मेक्सिको आणि १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका. घोड्यावर, खेचरावर, प्रसंगी पायी. सीरियात त्यांना मलेरियाने गाठले. अल्माटीच्या परिसरात त्यांनी रानटी सफरचंदांची जंगले पाहिली आणि सफरचंदाचे मूळ इथलेच असावे, असा अंदाज बांधला. पुढे जनुकीय अभ्यासातून तो खरा ठरला.

या प्रवासातून एक नकाशा तयार झाला. पिकांची विविधता जगभर सारखी पसरलेली नाही. ती काही मोजक्या, बहुतांशी डोंगराळ प्रदेशांत एकवटलेली आहे. त्यांना वाविलोव्ह यांनी पिकांची उगमकेंद्रे म्हटले. मेक्सिको-मध्य अमेरिकेत मका, अँडीज पर्वतात बटाटा, पश्चिम आशियात गहू. भारत हेही त्यांच्या नकाशावरील महत्त्वाचे केंद्र. भात, तूर, वांगी, काकडी, आंबा ही पिके त्यांनी भारतीय केंद्राच्या यादीत ठेवली. नंतरच्या संशोधनाने या नकाशात बरेच बदल केले, पण मूळ कल्पना टिकली.

या नकाशाचा अन्नसुरक्षेशी संबंध काय?

कोणताही देश स्वतःच्याच पिकांवर जगत नाही. भारतातला बटाटा, टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून आली. एखाद्या देशात पिकावर नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारे जनुक बहुधा त्या पिकाच्या मूळ प्रदेशातील जुन्या वाणात किंवा रानटी भाऊबंदांत सापडते. उदाहरणार्थ, जव या पिकाचे एका विषाणूजन्य रोगापासून संरक्षण करणारे जनुक कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांना इथिओपियाच्या जवात मिळाले. थोडक्यात, जुनी वाणे हा शेतीचा बॅकअप आहे आणि तो अनेक देशांत विखुरलेला आहे. देवाणघेवाण थांबली की बॅकअप असूनही उपयोग नाही.

वाविलोव्ह यांची संस्था या देवाणघेवाणीचे केंद्र बनली. १९४० पर्यंत संग्रह सुमारे अडीच लाख नमुन्यांवर गेला. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्यूलर यांना त्यांनी कामासाठी सोव्हिएत संघात बोलावले. म्यूलर यांना पुढे १९४६ मध्ये नोबेल मिळाले. वाविलोव्ह यांच्या सहकाऱ्यांनी अँडीजमध्ये बटाट्याच्या अनेक अपरिचित प्रजाती शोधल्या होत्या. १९३८ मध्ये केंब्रिजचा जॅक हॉक्स हा तरुण संशोधक लेनिनग्राडला आला, तेव्हा या संस्थेने आपली माहिती त्याच्यापुढे खुली केली. पुढच्याच वर्षी हॉक्स दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेवर गेला. त्या मोहिमेतून ब्रिटनचा बटाटा संग्रह उभा राहिला.

लायसेन्कोशी संघर्ष का झाला?

मात्र तोवर घरचे वारे फिरले होते. स्टॅलिन यांनी शेतजमिनींचे सक्तीने सामूहिकीकरण केले. त्यानंतर १९३२-३३ मध्ये युक्रेनसह अनेक भागांत दुष्काळ पडून लाखो लोक दगावले. सरकारला झटपट उपाय हवा होता. नवे वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात, असे वाविलोव्ह सांगत. ट्रोफिम लायसेन्को हे काम दोन-तीन वर्षांत करून दाखवण्याचे आश्वासन देत.

लायसेन्को शेतकरी कुटुंबातून आले होते. बियाणे भिजवून थंडीत ठेवले की हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, या प्रयोगामुळे ते प्रकाशात आले. सुरुवातीला वाविलोव्ह यांनीच त्यांना प्रोत्साहन दिले. पुढे लायसेन्को यांनी जनुक ही कल्पनाच नाकारली. पिकाला जसे वातावरण द्याल तसे गुण पुढच्या पिढीत उतरतात, असा दावा त्यांनी केला. हा दावा प्रयोगांत टिकत नव्हता, पण त्याला स्टॅलिन यांचा आशीर्वाद होता. १९३५ मध्ये वाविलोव्ह यांना कृषी विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद सोडावे लागले. १९३८ मध्ये त्या खुर्चीत लायसेन्को बसले.

वाविलोव्ह यांचे परदेश दौरे १९३३ नंतर बंद झाले होते. १९३७ मध्ये मॉस्कोत ठरलेली आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद तिथे झालीच नाही. ती १९३९ मध्ये एडिंबरात भरली. तिच्या अध्यक्षपदी वाविलोव्ह यांची निवड झाली होती, मात्र सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. अध्यक्षाविनाच परिषद सुरू झाली.

अटक आणि मृत्यू

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये नमुने गोळा करत असताना वाविलोव्ह यांना अटक झाली. मागे राहिलेल्या त्यांच्या सामानात गव्हाच्या एका प्राचीन प्रकाराचा नमुना सापडला. शेकडो वेळा त्यांची चौकशी झाली. वर्षानुवर्षांचे परदेशी संबंध हाच हेरगिरीचा पुरावा ठरला. जुलै १९४१ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीनंतर त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. १९४२ मध्ये तो बदलून २० वर्षांची कैद झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले.

तुरुंगात त्यांनी जगाच्या शेतीचा इतिहास लिहिला होता. ते हस्तलिखित नष्ट झाले. मसूर पिकाच्या अभ्यासक असलेल्या त्यांच्या पत्नी येलेना बारुलिना युद्धामुळे मुलासह सारातोव्हमध्येच राहायला आल्या होत्या. पती याच शहरातील तुरुंगात आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. ज्या शहरात वाविलोव्ह यांचे प्राध्यापक म्हणून नाव झाले, तिथेच त्यांचा अंत झाला.

वेढ्यात बियाणे कसे वाचले?

सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी लेनिनग्राडला वेढा घातला. तो जानेवारी १९४४ पर्यंत चालला. पहिल्या हिवाळ्यात अनेक नागरिकांना दिवसाला अवघा १२५ ग्रॅम पाव मिळत होता. शहरात लाखो लोक उपासमारीने मेले. वाविलोव्ह यांच्या संस्थेत मात्र तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे यांची हजारो पाकिटे होती. कर्मचाऱ्यांनी ती थंडी, उंदीर आणि चोरांपासून जपली, स्वतः खाल्ली नाहीत. शहराजवळच्या शेतातील बटाट्याचे नमुने तोफांच्या माऱ्यात उकरून आत आणण्यात आले.

संग्रहाची राखण करताना किमान नऊ कर्मचारी उपासमारीने दगावले. भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच कोसळले. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह मेले, तेव्हा त्यांनी जपलेली तांदळाची पाकिटे जागच्या जागी होती. लाखोंच्या शहराचे पोट त्या धान्याने भरले नसते. या मोजक्या लोकांचे प्राण मात्र वाचले असते. आपला संचालक कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

आज काय स्थिती?

१९५५ मध्ये सोव्हिएत न्यायालयाने वाविलोव्ह यांना निर्दोष ठरवले. त्यांची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लायसेन्को यांचा प्रभाव १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला आणि तोवर सोव्हिएत आनुवंशिकी जगाच्या कित्येक वर्षे मागे पडली होती.

वाविलोव्ह यांची कल्पना मात्र जगाने स्वीकारली. अनेक देशांत जनुकपेढ्या उभ्या राहिल्या. भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्युरो स्थापन झाला. २००४ मध्ये लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ६४ पिके आणि चारा पिकांचे नमुने सामायिक व्यवस्थेतून दिले-घेतले जातात. भारतही या कराराचा सदस्य आहे. नॉर्वेने २००८ मध्ये स्वालबार्ड द्वीपसमूहावर जगभरच्या बियाण्यांच्या प्रतींसाठी बर्फाळ तिजोरी उघडली.

या तिजोरीतून बियाणे परत काढण्याची पहिली वेळ २०१५ मध्ये आली. सीरियातील अलेप्पोजवळच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राला यादवी युद्धामुळे आपल्या जनुकपेढीचे काम तिथून चालवणे अशक्य झाले होते. त्या केंद्राने स्वालबार्डमध्ये आधीच ठेवलेल्या प्रती मागवल्या, लेबनॉन आणि मोरोक्कोत त्यांची लागवड केली आणि २०१७ पासून नव्या प्रती पुन्हा नॉर्वेत ठेवल्या. ज्या सीरियात वाविलोव्ह १९२६ मध्ये तापाने फणफणत गव्हाच्या ओंब्या गोळा करत होते, तिथल्या गव्हाची वाणे या वेळी दुसऱ्या देशांनी जपली.