ढाक्याचे सत्येंद्रनाथ बोस



‘बोसॉन’ हा शब्द तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात ओझरता वाचला असेल. तो ज्यांच्या आडनावावरून पडला, त्या सत्येंद्रनाथ बोस यांची ही हकिकत. नेताजी सुभाषचंद्र ते वेगळे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही गल्लत फार होते.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते, तेव्हा दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या मुलांना हे घर परके वाटू नये. सहा बहिणींचे ते एकटे थोरले भाऊ. १९१५ साली ते एम. एस्सी.ला पहिले आले आणि त्यांचे स्नेही मेघनाद साहा दुसरे. पुढे त्या दोघांनी आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरील जर्मन निबंध इंग्रजीत आणले. कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली छापले.

१९२१ साली ढाक्याला नवे विद्यापीठ निघाले. पूर्व बंगालच्या मुस्लिम समाजाने उच्च शिक्षणासाठी केलेल्या मागणीतून ते उभे राहिले, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. याच विद्यापीठात फजिलतुन्निसा ही मुलगी १९२७ साली गणिताच्या पदव्युत्तर परीक्षेत प्रथम वर्गात पहिली आली. मुलींना दहावीनंतर घरी बसवणाऱ्या पालकांनी या साल-तारखेकडे जरा पाहावे. याच ढाक्यात बोस शिकवायला आले आणि १९४५ पर्यंत राहिले.

तेथे वर्गात शिकवताना त्यांना एक गोष्ट खटकत असे. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचे सूत्र प्लांक यांनी १९०० साली दिले होते. सूत्र बरोबर होते. परंतु ते सिद्ध करताना अर्धी जुनी कल्पना आणि अर्धी नवी अशी मोट बांधावी लागे. बोस यांनी प्रकाशकणांची मोजणीच निराळ्या रीतीने केली.

ती रीत अशी समजून घ्या. अहमद आणि सलमा या दोघांना ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्यांत बसवायचे आहे. चार प्रकार होतील, कारण अहमद ‘अ’त व सलमा ‘ब’त, आणि त्याच्या उलट, हे दोन वेगळे प्रकार आहेत. आता गुरुजींना दोन वाढीव गुण मराठी आणि गणित या विषयांत वाटायचे आहेत. दोन्ही मराठीत, दोन्ही गणितात, किंवा एकेक. प्रकार तीनच! कोणता गुण कुठे गेला, हे कोणी विचारत नाही, कारण गुणाला चेहरा नसतो. प्रकाशकणांनाही नसतो. अहमद-सलमा एकाच तुकडीत पडण्याची शक्यता चारांत दोन. गुण एकाच विषयात पडण्याची तीनांत दोन. म्हणजे हे कण एकत्र जमण्याकडे अधिक झुकतात.

निबंध विलायतेच्या नियतकालिकाकडे गेला, पण तेथे त्याची दाद लागली नाही. तेव्हा ४ जून १९२४ रोजी तीस वर्षांच्या या अध्यापकाने तो सरळ आइन्स्टाइन यांनाच पाठविला. ओळख ना पाळख. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो छापविला आणि तीच मोजणी अणूंना लावली. वायू अतोनात थंड केला, तर त्यातील अणू एकाच अवस्थेत गोळा होऊन एका लाटेसारखे वागतील, असा त्यातून निष्कर्ष निघाला. १९२७ साली बोस ढाक्यात प्राध्यापक झाले. डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती. आइन्स्टाइन यांचे शिफारसपत्र होते.

या लाटेचे वर्तन मोठे नवलाचे आहे. भीमेच्या डोहात दोन खडे टाका. वलये एकमेकांतून आरपार जातील आणि पसरत पसरत विरतील. अणूंच्या या लाटेची चाल मात्र तिच्या स्वतःच्याच दाटपणावर ठरते. विरण्याची प्रवृत्ती आणि अणूंची परस्पर ओढ यांचा तोल साधला, की एकच उंचवटा आकार न मोडता पुढे सरकतो. अशी लाट १८३४ साली स्कॉटलंडच्या एका कालव्यात रसेल नावाच्या अभियंत्याने पाहिली होती आणि घोड्यावर बसून तिचा पाठलाग केला होता. काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाच्या झोताचेही असेच होईल, हे १९७३ साली गणिताने सांगितले आणि १९८० साली ते प्रयोगात दिसले. अणूंची लाट आणि काचेतला प्रकाश, दोहोंचे समीकरण एकाच घडणीचे!

आता भाषेविषयी. शिरूर काय, दौंड काय, उर्दू शाळा की मराठी की इंग्रजी, हा प्रश्न घरोघरी आहे. बोस यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापून ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक काढले. बंगालीत विज्ञान येत नाही म्हणणाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले. १९६३ साली त्या मासिकाचा एक विशेषांक केवळ मूळ संशोधनाच्या निबंधांनी भरून त्यांनी ते दाखवूनही दिले. मात्र हेही खरे, की जर्मन आणि फ्रेंच ते कष्टाने शिकले होते, आणि आइन्स्टाइन यांना धाडलेला निबंध इंग्रजीत होता. समजण्याची भाषा एक आणि जगाशी बोलण्याच्या भाषा अनेक, असा त्यांचा व्यवहार दिसतो. मला तो पटतो.

ढाक्यात त्यांच्या हाताखाली काझी मोताहर हुसेन नावाचे भौतिकीचे अध्यापक होते. सांख्यिकीचे महत्त्व ओळखून बोस यांनी त्यांना कलकत्त्यास महालनोबिस यांच्या संस्थेत शिकायला धाडले. ढाका विद्यापीठात सांख्यिकी विभाग उभा केला तो याच काझीसाहेबांनी.

बोस ४ फेब्रुवारी १९७४ रोजी वारले. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू प्रत्यक्ष एका लाटेत गोळा झालेले अमेरिकेतील प्रयोगशाळेत दिसले, ते १९९५ साली. त्या कामाचे नोबेल २००१ साली तिघा शास्त्रज्ञांना देण्यात आले, आणि त्या अवस्थेला जगभर बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात.