लक्ष्मीबाई टिळक

पारनेरच्या मुलांना नगर परके नाही. दवाखाना असो, कचेरीचे काम असो की ईदची खरेदी असो, एस. टी. धरायची आणि नगर गाठायचे. या शहराचे नाव पूर्वी अहमदनगर होते. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. पारनेर तालुक्याला लागूनच राहुरी तालुका आहे. या नगरात आणि या राहुरीत सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी एक बाई राहत होत्या. त्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. तरीही त्यांनी लिहिलेले 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत मोजले जाते. त्या बाईंचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले. नाव मनकर्णिका, पण घरात सगळे त्यांना मनू म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले होते. या घटनेचा मनूच्या वडिलांवर विलक्षण परिणाम झाला. त्यांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. सोवळे म्हणजे धार्मिक शुद्धता पाळणे, इतरांचा स्पर्श टाळणे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू ते धुऊन घ्यायला लावत. धान्य धुतले जाई, इतकेच काय, मीठ आणि साखरसुद्धा धुतली जाई! धुतल्यावर मिठाचे काय उरत असेल, याचा विचार तुम्हीच करा. आज हे वाचताना हसू येते. पण त्या घरातल्या बायकामुलांना रोज याचा जाच होत असे. पुढे म्हातारपणी लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिले, तेव्हा त्यात वडिलांविषयी राग नव्हता. थोडी थट्टा आणि बरीच माया होती.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी, मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. टिळक हुशार, भावनाशील आणि हाडाचे कवी होते. परंतु संसाराच्या दृष्टीने ते अवघड गृहस्थ होते. त्यांची नोकरी टिकत नसे आणि हातात पैसाही टिकत नसे. कोणी गरजू भेटला की खिशातले सारे त्याला देऊन ते मोकळे होत. मनात आले की कोणाला न सांगता घर सोडून निघून जात. मागे चूल कशी पेटते, हे लक्ष्मीबाईंनीच पाहायचे. दोघांची भांडणे होत आणि लगेच समेटही होई. याच टिळकांनी बायकोला लिहायला-वाचायला शिकवले. आधीची मुले लहानपणीच दगावल्यानंतर १८९१ साली झालेला देवदत्त मात्र जगला.

यानंतर लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग आला. १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यात टिळकांनी मुंबईला ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळी असे करणाऱ्या माणसाला नातेवाईक मेल्यासारखाच मानत. नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला. लक्ष्मीबाई दुःखाने वेड्यासारख्या झाल्या. लहानग्या देवदत्तला घेऊन त्या कधी या नातेवाइकाकडे, कधी त्या नातेवाइकाकडे, काही काळ पंढरपुरास अशा राहिल्या. टिळक नगरला होते. त्यांची पत्रे येत. एका बाजूला सारे माहेर-सासर, दुसऱ्या बाजूला एकटा नवरा; आणि मध्ये बापावाचून वाढणारा मुलगा. अशी काही वर्षे गेली. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे आल्या. त्यांनी धर्म मात्र बदलला नाही. आपला स्वयंपाक त्या वेगळा करीत, पाणीही वेगळे ठेवत. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी ती! टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. माणसामाणसांतल्या जाती कोणी केल्या, देवाने की माणसाने? हा प्रश्न त्यांनी कोणा पंडिताला विचारला नाही. त्यांनी स्वतःच विचार केला आणि जाती माणसाने केल्या आहेत असे त्यांना पटले. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे, असे त्यांनी ठरवले. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

लक्ष्मीबाईंचे घर म्हणजे केवळ नवरा-बायको आणि एक मुलगा असे कधीच नव्हते. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा होता. आईबाप गेलेली मुले रस्त्यावर येत. टिळक अशा मुलांना घरी घेऊन येत, आणि त्यांना न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे, वळण लावणे ही कामे लक्ष्मीबाईंकडे येत. त्यात निरनिराळ्या जातींची मुले असत. तारा नावाच्या मुलीला तर त्यांनी स्वतःची लेक म्हणूनच वाढवले. नगरात प्लेगची साथ आली. लोक घरे सोडून पळू लागले. तेव्हा लक्ष्मीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करायला पुढे झाल्या.

या घरात एक तरुण कवीही येऊन राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोमरे. आपण त्यांना बालकवी म्हणून ओळखतो. टिळकांना त्यांच्या कवितेचे मोल कळले होते आणि लक्ष्मीबाईंना त्यांचा हळवा स्वभाव कळला होता. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले. सुमारे एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचेही निधन झाले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. त्या रडत बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करण्याची नोकरी त्यांनी धरली. पुढे त्या देवदत्तबरोबर कराचीला राहिल्या. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यातच होती. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य लिहायला घेतले होते. त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय ओवीत रचले. एके काळी एकेक अक्षर कष्टाने गिरवणाऱ्या बाईंचे हे काम आहे, हे लक्षात घ्या. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या.

'स्मृतिचित्रे' या पुस्तकाची सुरुवात मात्र घरगुती होती. देवदत्तला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. आई लिहू लागली. ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावे तसे ते लिहिणे होते. त्यात टिळक होतेच. पण सोवळे पाळणारे वडील होते, भांडणे होती, रिकामे डबे होते, आजारी मुले होती. स्वतःची फजिती तर त्यांनी सर्वांत रंगवून सांगितली. वडिलांच्या चरित्रासाठी मागितलेल्या आठवणी वाढत वाढत आईचेच चरित्र होऊन बसल्या. १९३४ पासून या पुस्तकाचे भाग निघू लागले.

चौथ्या भागाचे काम चालू असतानाच २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. राहिलेला मजकूर देवदत्तने नीट लावला आणि तो भाग प्रसिद्ध झाला. 'ख्रिस्तायन' छापून आले ते १९३८ साली. पुढे लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीच्या पुस्तकाला टिपा जोडून त्याची संपूर्ण आवृत्ती तयार केली.