फ्ल्युओरीनचा जेता : आंरी म्वासाँ

आंरी म्वासाँ यांचा जन्म २८ सप्टेंबर १८५२ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते, आई शिवणकाम करून संसारास हातभार लावी. परिस्थिती बेताचीच. १८७० साली म्वासाँ यांनी शाळा सोडली, तेव्हा विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारे प्रमाणपत्रही त्यांच्यापाशी नव्हते. पॅरिसमधील एका औषधविक्रेत्याकडे ते उमेदवारी करू लागले. पुढे फ्रेमी या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली आणि राहिलेले शिक्षण पुरे करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादन केली.

फ्ल्युओरीन हे मूलद्रव्य त्या काळी रसायनशास्त्राला पडलेले एक कोडेच होते. कॅल्शियम फ्ल्युओराइड म्हणजे फ्ल्युओरस्पार हे खनिज सर्वांच्या परिचयाचे होते. त्यावर तीव्र गंधकाम्ल घातले असता हायड्रोजन फ्ल्युओराइड हा काचेलाही खाणारा विषारी वायू निघतो. त्याच्या पाण्यातील द्रावात धातूंचे कार्बोनेट टाकले की त्या त्या धातूचे फ्ल्युओराइड तयार होते. यांचे गुणधर्मही मोठे चमत्कारिक! चांदीचे क्लोराइड पाण्यात विरघळत नाही, पण फ्ल्युओराइड सहज विरघळते. कॅल्शियमच्या बाबतीत नेमके उलट. ही संयुगे करणे साधले होते. त्यांतील फ्ल्युओरीन मोकळा करणे मात्र कोणासही साधले नव्हते. त्या प्रयत्नात बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस यांनी प्राण गमावले. स्वतः फ्रेमीही अयशस्वी ठरले होते.

म्वासाँ यांनी हे काम हाती घेतले. विषारी वायूंमुळे त्यांची प्रकृती ढासळली व प्रयोग वारंवार थांबवावे लागले. तरी त्यांनी माघार घेतली नाही. अखेर प्लॅटिनमच्या वाकड्या नळीत अतिथंड निर्जल हायड्रोजन फ्ल्युओराइड घेऊन त्यांनी त्यातून विद्युत्प्रवाह सोडला. २६ जून १८८६ रोजी फ्ल्युओरीन प्रकट झाला. त्याच्या स्पर्शाने सिलिकॉन पेटून उठले!

विज्ञान अकादमीची समिती खात्री करून घेण्यास आली, तेव्हा मात्र वायूचा मागमूस लागेना. समितीसमोर काही उणे राहू नये म्हणून म्वासाँ यांनी द्रव इतका शुद्ध केला होता की त्यातून वीज वाहीना. आधीच्या द्रवात पोटॅशियम फ्ल्युओराइडचा अंश मिसळलेला होता. त्यानेच काम साधले होते. कारण उमगताच त्यांनी ते संयुग मुद्दाम मिसळले आणि प्रयोग सफल झाला.

पुढे त्यांनी या वायूची अनेक धातूंशी गाठ घातली. तापलेले प्लॅटिनमही त्यापुढे टिकत नसे. तांब्यावर मात्र कॉपर फ्ल्युओराइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतील धातूचे रक्षण करतो. त्यामुळे महागड्या प्लॅटिनमऐवजी तांब्याचे पात्र वापरता येऊ लागले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक म्वासाँ यांना मिळाले. त्यानंतर थोड्याच काळात, २० फेब्रुवारी १९०७ रोजी, आंत्रपुच्छाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे चोपन्न. ज्या वाटेवर त्यांच्या आधीच्यांनी देह ठेवला, ती वाट त्यांनी पुढील पिढ्यांसाठी मोकळी केली. प्रयोग फसला असता नशिबास बोल न लावता त्याचे कारण शोधणारा हा पुरुष प्रत्येक विद्यार्थ्याने स्मरणात ठेवावा असाच आहे.